छत्तिसावा दिवस

राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आलं, तेव्हा गडकरी हयात नव्हते. त्यानंतरच्या शंभर वर्षांत त्या नाटकातलं जे आपल्या बोलण्यात उतरलं, ते सुरुवातीचं आणि शेवटचं. पहिला प्याला घेऊ नये, घेतला तर संसाराची राखरांगोळी होते, एवढंच. मधला भाग फारसा कुणी काढत नाही. मध्ये नाटकाचा नायक सुधाकर दारू सोडतो. अगदी मनापासून सोडतो आणि काम मागायला प्रतिष्ठितांच्या दारी जातो. तिथे त्याच्या पदरी अपमान पडतो. तो पुन्हा जुन्या मंडळींत येऊन बसतो आणि त्यानंतरचं त्याचं पिणं आधीपेक्षा भयंकर होतं. साऱ्या नाटकात मला हाच भाग सर्वांत खरा वाटतो. व्यसनाच्या उपचाराचं शास्त्र आपल्याकडे रुजण्याच्या कितीतरी आधी गडकऱ्यांनी ओळखलं होतं, की दारू सोडलेला माणूस टिकतो की घसरतो हे त्याला परत घेणाऱ्यांवरही अवलंबून असतं.

आपण मात्र आजही सगळं ओझं त्याच्या एकट्याच्या इच्छाशक्तीवर टाकतो. ‘मनावर घेतलं तर आज सुटेल’ हे वाक्य ऐकल्याशिवाय एकही व्यसनी माणूस या राज्यात मेला नसेल. हे बोलणारे बहुतेक जण प्रेमानेच बोलतात. पण जे मन सोडायचं ठरवणार, त्याच मनाच्या यंत्रणेत बिघाड झालेला असतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

१९५४ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत एका ठरावीक ठिकाणी सूक्ष्म तार बसवली. कळ दाबली की तिथे विजेचा हलका झटका बसे. उंदीर ती कळ पुन्हापुन्हा दाबत राहिले. मेंदूतला हा सुखाचा मार्ग आणि त्यातलं डोपामिन हे रसायन यांवर पुढे अफाट काम झालं. त्यातला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांचा १९९३ मधला विचार. एखादी गोष्ट आवडणं आणि तिची ओढ लागणं या मेंदूच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्यसनात ओढ वाढत जाते, आवड मात्र वाढत नाही, उलट बऱ्याचदा ओसरते. ‘आता त्याला पिण्यात मजासुद्धा येत नाही, रडत रडत पितो, मग पितो कशाला?’ हा प्रश्न घराघरातल्या बायकांनी विचारलेला आहे. त्याचं उत्तर इथे आहे. तो खोटं रडत नसतो. त्याला दारू नकोशी झालेली असते आणि तरी त्याचे पाय गुत्त्याकडे वळतात. उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा पडलेला ओढा पहिल्या मोठ्या पावसाला जुन्याच पात्रातून वाहू लागतो, तसं हे आहे. पगाराची संध्याकाळ, ठरावीक वळण, ठरावीक मित्राचा फोन, एवढा पाऊस पुरतो. दारू सुटून वर्ष झालं तरी ते पात्र बुजलेलं नसतं.

इथे कुणी म्हणेल, की मग त्याची जबाबदारी काहीच नाही का? आहे, पुरेपूर आहे. मधुमेह झाला हा कुणाचा गुन्हा नसतो, पण गोळी वेळेवर घेणं ज्याचं त्यालाच करावं लागतं. मला एवढंच म्हणायचं आहे, की शरम आणि जबाबदारी यांची आपण गल्लत केली. शरमेने माणूस लपतो, आणि लपलेल्या माणसावर उपचार होत नाहीत.

लपवाछपवीचं सर्वांत वाईट रूप आपल्या भिंतींवर रंगवलेलं असतं: ‘न सांगता दारू सोडवा’, खाली मोबाईल नंबर. त्या पुड्यांत काय असतं हे घेणाऱ्याला ठाऊक नसतं. डायसल्फिराम हे दारू सोडण्यासाठीचं जुनं औषध आहे. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली, की तिचं शरीरात तयार होणारं विषारी द्रव्य पुढे मोडत नाही. चेहरा लालबुंद होतो, ओकाऱ्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि रुग्णाच्या संमतीने दिलं तर ते उपयोगी पडतं. तेच चहातून, आमटीतून चोरून दिलं तर जीव जाऊ शकतो. आणि जीव वाचला तरी, आपल्या माणसांनी आपल्याला फसवून काही खायला घातलं हे त्याला कळतं, तेव्हा घरातला उरलासुरला विश्वासही संपतो. या जाहिराती पुसल्या पाहिजेत.

तितकंच धोक्याचं आहे खोलीत कोंडून ठेवणं. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद केली, की काही तासांत हात थरथरू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. काहींना फिट येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भलतंसलतं दिसू लागतं, दिवस-रात्रीचं भान सुटतं. याला ‘नाटकं’ समजून दार बंद ठेवलेल्या घरांत माणसं दगावली आहेत. दवाखान्यात योग्य गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्व मिळालं तर हेच दिवस सुखरूप निभावतात. शरीरातून दारू काढणं हा खरं तर सगळ्यात छोटा टप्पा आहे.

मनाचा टप्पा लांबचा आहे. पुष्कळ जण पहिल्यांदा पितात ते झोपेसाठी किंवा धास्ती घालवण्यासाठी. दारूने झोप लवकर लागते हे खरं, पण उत्तररात्रीची झोप तीच मोडते. सकाळी धास्ती दुपटीने परत येते, म्हणून पुन्हा घोट. अशी काही वर्षं गेली, की नैराश्यामुळे पितो की पिण्यामुळे नैराश्य आलंय, हे त्यालाच सांगता येत नाही. कित्येकांची उदासी दारू बंद झाल्यावर काही आठवड्यांत आपोआप निवळते. काहींची निवळत नाही. मुळात तीच आधी होती आणि दारू तिच्यावरचा घरगुती उपाय होता. अशा माणसाला ‘आधी दारू सोड, मग बघू’ असं सांगून परत पाठवणं म्हणजे त्याला पुन्हा गुत्त्यावर पाठवणं. दोन्ही आजारांवर एकाच वेळी उपचार हवेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मनोविकार मानसिक आजारांच्या व्याख्येत घेतले आहेत. कायद्याला जे कळलं ते सोसायटीच्या जिन्यात कळायला अजून वेळ लागेल असं दिसतं.

या बाबतीत महाराष्ट्राकडे एक मोठा ठेवा आहे. ऐंशीच्या दशकात ब्राउन शुगर तरुण पोरांना गिळत होती. त्यावर अनिल अवचटांनी ‘गर्द’ ही लेखमाला लिहिली, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी ती वाचून एक लाख रुपये पुढे केले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झालं. त्याची आखणी मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांची. मारझोड नाही, साखळदंड नाहीत, आणि तिथेच बरे झालेले लोक पुढे तिथले समुपदेशक आणि कार्यकर्ते झाले, ही त्यातली सर्वांत धाडसाची गोष्ट. ज्याच्यावर शेजारी सायकल सांभाळायचीही जबाबदारी टाकत नव्हते, त्याच्या हाती दुसऱ्याचं आयुष्य सोपवणं हा विश्वास औषधाच्या दुकानात मिळत नाही. तो वॉर्डात रोज उठून दाखवावा लागतो.

मुक्तांगणमधला निवासी उपचार ३५ दिवसांचा. छत्तिसाव्या दिवशी माणूस पिशवी घेऊन घरी येतो, आणि इथून पुढची गोष्ट आपल्या सर्वांची होते.

व्हिएतनाम युद्धात हजारो अमेरिकी सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले होते. ली रॉबिन्स या संशोधिकेने १९७१ मध्ये परतलेल्या सैनिकांचा माग घेतला. तिथे व्यसनी झालेल्यांपैकी घरी परतल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकलेले जेमतेम ५ टक्के निघाले. युद्धभूमी, भीती, रिकामा वेळ आणि सहज मिळणारी पुडी हे सगळं एकदम मागे पडलं होतं. आपल्या माणसाला ही सोय नसते. तो बरा होऊन त्याच गल्लीत परत येतो. तोच पानपट्टीवाला, तेच मित्र, आषाढी अमावास्येची तीच गटारी, लग्नाच्या वरातीत बोनेटवर ठेवलेले तेच ग्लास. ‘आज एक दिवस चालतं रे’ असं म्हणणारा मामा प्रत्येक वरातीत असतो. त्याला माझी कळकळीची विनंती आहे, की असा हात धरून तुम्ही काय करता आहात याचा एकदा विचार करा.

घरात आणखी अवघड असतं. इतकी वर्षं बायकोने पगार पकडला, शाळेची फी भरली, सासरच्यांची बोलणी खाल्ली, रात्री बारा वाजता दार उघडलं. तिने एकटीने संसार चालवायची सवय करून घेतली आहे. आता हा येऊन म्हणतो, मी सुधारलोय, एटीएम कार्ड दे. ती देत नाही. तो उशिरा आला की ती तोंडाचा वास घेते. त्याला ते झोंबतं: ‘सोडूनही हेच मिळणार असेल तर प्यायलेली काय वाईट?’ दोघंही बरोबर असतात, हीच यातली वेदना आहे. विश्वास मोडायला दहा वर्षं लागली, तो पस्तीस दिवसांत परत मागता येत नाही. तिच्याही मनाला उपचार हवे असतात, तीही इतकी वर्षं आजाऱ्यासारखीच जगली आहे. म्हणून मुक्तांगणने बायकांसाठी ‘सहचरी’ गट काढला, म्हणून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या जोडीला कुटुंबीयांचा अल-ॲनॉन उभा राहिला. आणि हेही स्पष्ट म्हटलं पाहिजे, की ज्या घरात मारहाण झाली आहे, तिथे त्या बाईने त्याला परत घेतलंच पाहिजे असा आग्रह कुणी धरू नये. त्याचं बरं होणं तिच्या जिवावर उभं राहता कामा नये.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची सुरुवात १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन गावी एका शेअर दलालाच्या आणि एका डॉक्टरच्या भेटीतून झाली. दोघंही दारुडे. दुसऱ्या दारुड्याला सावरताना आपण स्वतः प्यायचं थांबतो, असा त्यांना अनुभव आला. आपल्याकडे याच्याशी नातं सांगणारी गोष्ट फार आधीपासून आहे: तुळशीची माळ. गावोगाव अशी माणसं आहेत ज्यांची दारू माळ घातल्यावर सुटली. श्रद्धेचं बळ त्यात आहेच, पण माझ्या मते आणखी काही आहे. माळ घालताच त्याला नवी संगत मिळते. संध्याकाळची जी वेळ धोक्याची, त्या वेळी हरिपाठ असतो. काल ज्याला लोक बेवडा म्हणत, त्याला आज दिंडीत ‘माऊली’ म्हणतात आणि वाकून पाया पडतात. एवढा मान मिळालेला माणूस तो घालवायला सहज तयार होत नाही. मात्र ज्याचं शरीर पूर्ण दारूवर गेलं आहे, त्याने माळ घालण्याआधी डॉक्टर गाठावा. एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये.

इतकं सगळं करूनही पुष्कळ जण घसरतात. एकदा, कधी अनेकदा. आपण तेव्हा म्हणतो, ‘गेलं सगळं पाण्यात.’ तसं नसतं. आठ महिने न पिता काढलेला माणूस पहिल्या दिवशीचा माणूस नसतो. आठ महिने कसे निघाले हे त्याला माहीत असतं. त्या रात्री त्याला शिव्या घालण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा केंद्रात नेणं जास्त महत्त्वाचं असतं.

सरकारच्या पातळीवर आपली सगळी चर्चा बंदी हवी की नको इथे अडकते. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. मी बंदीच्या विरोधात नाही. बाटली आडवी करायला रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांना ती का हवी असते हे समजण्यासारखं आहे. पण बाटली हिसकावून घेतल्यावर थरथरणाऱ्या हातांचं काय करायचं, याचंही उत्तर त्याच दिवशी तयार हवं. गडचिरोलीतल्या ‘मुक्तिपथ’ या उपक्रमाने गावसंघटनांच्या जोडीने तालुक्याच्या ठिकाणी व्यसन उपचाराचे दवाखाने सुरू केले, ते मला म्हणूनच पटतं. केंद्र सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत आढळलं, की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ माणसांमागे फक्त एकाला कसला ना कसला उपचार मिळाला होता. उरलेले सदतीस आपल्याच आसपास आहेत.

तुमच्या घरात, कारखान्यात, वर्गात त्यांतलं कुणी असेल तर दोन क्रमांक लिहून ठेवा. मानसिक आरोग्यासाठी ‘टेलिमानस’ १४४१६, व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. दोन्ही मोफत आहेत. त्याच्या वतीने बायकोने, आईने, मुलीने फोन केला तरी चालतो. आणि तुमच्याकडे एखादी नोकरी द्यायची असेल, आणि समोर उभ्या असलेल्या माणसाने वर्षभर दारूला स्पर्श केलेला नसेल, तर त्याला दारातून परत पाठवू नका.