हौदातली माती आणि नडगीचं हाड

कोल्हापुरातल्या एका तालमीत एक तरणाबांड पैलवान होता. पौषात सराव करताना त्याचा पाय जोडीदाराच्या अंगाखाली सापडला आणि नडगीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी हाड बसवलं, प्लास्टर घातलं आणि बजावलं, "पैलवान, चार महिने तरी कुस्तीच्या हौदात उतरायचं नाही."

चैत्रात जत्रा, जत्रेत कुस्तीचं मैदान. एवढा दम पैलवानाला कुठला! कुणीतरी सांगितलं, झिंकनं हाड लवकर जुळतं. त्यानं 50 मिलिग्रॅमच्या गोळ्यांची बाटली आणवली. एका गोळीनं गुण येतो, तर तीन गोळ्यांनी तिप्पट येईल, असा हिशेब करून तो सकाळ, दुपार, संध्याकाळ गोळी घेऊ लागला. घरच्यांनाही सांगितलं नाही.

सहा आठवड्यांनी तो तपासणीला गेला तेव्हा चेहरा उतरलेला होता. मळमळ होत होती, अन्नावरची वासना गेली होती. डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा खिशातली बाटली बाहेर आली. रक्त तपासलं, तर त्यातलं तांबं खाली गेलेलं.

"डॉक्टर, मी तांब्याला हातसुद्धा लावला नाही," पैलवान म्हणाला. "घेतलं ते झिंक."

"तिथंच तर घोळ झाला," डॉक्टर म्हणाले. "हाड म्हणजे नुसतं कॅल्शियम नव्हे. मोडलेल्या जागी आधी कोलॅजेनचे धागे विणले जातात. ते एकमेकांत घट्ट गुंफायचं काम जे एन्झाइम करतं, ते तांब्याशिवाय चालत नाही. मग त्या धाग्यांवर कॅल्शियम आणि फॉस्फेट बसतं. त्या कामातल्या एका एन्झाइमला झिंक लागतं. मोडलेल्या जागेवर आधी जी कूर्चा धरते, तिच्या घडणीत मँगनीजचा हात असतो. तुझ्या अंगात कॅल्शियम किलोभर असेल, तांबं मात्र सगळं मिळून ग्रॅमचा दहावा हिस्सा. पण तेवढं तांबं नसेल, तर धागे कच्चे राहतात. तांबं कमी असलेल्या कुरणात चरणाऱ्या मेंढ्यांची हाडं ठिसूळ होतात, ती याचमुळं."

"मग झिंकनं तांबं कमी कसं झालं?"

"झिंक फार झालं की आतड्याच्या पेशी एक प्रथिन जास्त बनवतात. ते तांब्याला धरून ठेवतं. त्या पेशी गळून पडतात, त्यांच्याबरोबर तांबंही शरीराबाहेर जातं. मोठ्या माणसानं दिवसाला 40 मिलिग्रॅमच्या वर झिंक घेऊ नये, तू 150 घेत होतास. अंगात झिंक कमी असेल तर भरपाईचा उपयोग होतो. कमी नसताना वरून ओतलं, तर एकाची भर दुसऱ्याच्या मुळावर येते."

बाटली बंद झाली. पैलवान कुबड्या टेकत तालमीत आला, तेव्हा वस्ताद नवी माती तयार करत होते. तांबड्या मातीचा ढीग हौदात पसरला होता. शेजारी ताकाची घागर, तेलाचा डबा, हळद, लिंबं. वस्ताद थोडं तेल शिंपडायचे, माती मुठीत दाबून बघायचे, मग थोडं ताक. पैलवानानं विचारलं, "वस्ताद, तेलानं माती मऊ होती, मग सगळा डबाच का ओतत नाही?"

"ओत की," वस्ताद म्हणाले, "अन् मग धर पकड! हात निसटंल, पाय घसरंल, दुसरी नडगी मोडंल. माती गाडीभर लागती, तेल तेवढ्याला बेतानं. कमी पडलं तर माती टोचती, जास्त झालं तर कुस्तीच व्हत न्हाई."

पैलवान गप्प झाला. डॉक्टरांनी रक्ताच्या तपासणीवरून जे सांगितलं, तेच वस्तादांची मूठ सांगत होती.

त्या दिवसापासून त्यानं जेवणावर भर दिला. ज्वारीची भाकरी, तिळाची चटणी, अंडी, आठवड्यातून मटण आणि मोड आलेली मटकी. कडधान्यातलं फायटेट झिंकला धरून ठेवतं. भिजवून मोड आणले की ते कमी होतं आणि झिंक अंगी लागतं, हेही डॉक्टरांनीच सांगितलं होतं. मळमळ थांबली, भूक परतली, पुढच्या तपासणीत तांबंही जागेवर आलं. चैत्रातल्या जत्रा त्यानं काठावर बसून पाहिल्या. वैशाख सरता सरता एक्स-रेत हाड जुळलेलं दिसलं, तरी डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत तो हौदात उतरला नाही.

तात्पर्य : ज्याचा वाटा चिमूटभर, त्याच्यावाचून मोठं काम अडतं, म्हणून त्याला क्षुल्लक समजू नये. आणि ते मोलाचं आहे म्हणून त्याचा ढीगही घालू नये. शरीर असो की तालीम, जो आपल्या मापात राहतो तोच दुसऱ्याला जागा देतो, आणि सगळ्यांना जागा मिळाली तरच मोडलेलं जुळतं.