चिंता किती असली की कार्ड मिळतं?

गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस तुम्हाला घाबरल्यासारखं किंवा आतून ताणल्यासारखं वाटलं? एकही नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त, की जवळजवळ रोज? जीएडी-७ नावाची चिंता मोजायची प्रश्नावली साधारण अशी सुरू होते. सात प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २१. दहा किंवा जास्त गुण पडले, तर पुढे नीट तपासणी करावी असा संकेत आहे. फोनवर दोन मिनिटांत उरकतं.

आता समजा, ह्या उत्तरांच्या पलीकडे एक दार आहे. तुमची चिंता ‘विकार’ ठरली तर ते उघडतं, नुसतीच चिंता ठरली तर बंद राहतं. तुम्हाला रात्री झोप येत नाही, मीटिंगच्या आधी काळीज धडधडतं, आणि तिसऱ्या प्रश्नाशी तुमचं बोट ‘काही दिवस’ आणि ‘निम्म्याहून जास्त’ ह्यांच्यामध्ये अडकलंय. कुठलं उत्तर खरं?

हे दार अमेरिकेतल्या काही राज्यांत खरोखर आहे. पेनसिल्व्हेनियाने २०१६ साली वैद्यकीय गांजाचा कायदा केला, त्यात पात्र आजारांची यादी दिली, आणि जुलै २०१९ मध्ये त्या यादीत चिंताविकार घातले. तिथल्या तेव्हाच्या आरोग्य सचिव रेचल लेव्हिन ह्यांनी बजावलं होतं की हा पहिला उपाय नव्हे, समुपदेशनाची जागा ह्याने घेऊ नये, आणि लहान-किशोरवयीन मुलांना तर नकोच. तरी थोड्याच काळात कार्ड मिळवण्याचं सगळ्यात मोठं कारण चिंता हेच झालं. शेजारच्या न्यू जर्सीने ती आधीच, २०१८ मध्ये, यादीत घेतली होती. दुसऱ्या बाजूला लागून असलेल्या ओहायोत मात्र तिथल्या वैद्यकीय मंडळाने २०१९ मध्ये हीच मागणी फेटाळली. म्हणजे तीच धडधड सीमेच्या अलीकडे पात्र आणि पलीकडे अपात्र. शरीराला ह्यातलं काही ठाऊक नसतं.

अशा वेळी चिंता थोडी वाढवून सांगणं म्हणजे खोटं बोलणं का? कांटला विचारलं तर तो ‘हो’ म्हणून मोकळा होईल. पण खोटं बोलायला आधी खरं काय ते माहीत असावं लागतं. तापाला थर्मामीटर आहे, चिंतेला नाही. तिथे मोजणाराही मीच आणि मोजपट्टीही मीच. त्यातून इयन हॅकिंग ह्या तत्त्वज्ञाने दाखवलेली गंमत आहेच: माणसांना लावलेली लेबलं दगडांना लावलेल्या लेबलांसारखी नसतात. दगडाला ग्रॅनाइट म्हटल्याने दगड बदलत नाही. माणसाला चिंताग्रस्त म्हटलं की तो स्वतःकडे त्या नावाने बघायला लागतो, जुन्या आठवणी त्या नावाखाली लावतो, आणि पुढच्या वेळी ‘जवळजवळ रोज’ हे उत्तर देताना त्याचं बोट अडखळत नाही. तो खोटं बोलत नसतो. तो आता तसा असतो.

मला खरी काळजी ह्याची वाटते. सरकारी तिजोरीची नाही, कुणी फुकट मजा मारली त्याची तर नाहीच.

ह्या गोष्टीचा उगम फार वेगळा होता, हे विसरू नये. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये प्रपोझिशन २१५ मंजूर केलं त्यामागे सॅन फ्रान्सिस्कोतले एड्सचे रुग्ण होते. अन्न पोटात टिकत नव्हतं, माणसं वाळून चालली होती. त्या चळवळीतला डेनिस पेरॉन पुढे म्हणत राहिला की गांजाचा कुठलाही वापर वैद्यकीयच असतो. ऐकायला हे उदार वाटतं, पण त्याचा दुसरा अर्थ असा की जरा निवांत व्हावंसं वाटणाऱ्या प्रत्येकाने आधी आजारी ठरायचं. आपल्याला हे नवीन नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे महाराष्ट्रात आजही प्यायला परवाना लागतो, आणि त्या कागदाच्या भाषेत आपण दारू पितो ती आरोग्य राखण्यासाठी. ह्या परवान्यावर सगळे हसतात, आणि तो कागद वाचून कुणी स्वतःला रोगी समजत नाही. चिंतेच्या कार्डावर असं हसता येत नाही. ते मनात खोल जातं.

आणि उपयोग होतो का? शिकागोत झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४२ जणांना लोकांसमोर भाषण करायला लावलं. साडेसात मिलिग्रॅम टीएचसी घेतलेल्यांचा ताण कमी झाला, साडेबारा घेतलेल्यांना उलट जास्त त्रास झाला. फरक पाच मिलिग्रॅमचा. २०२२ मध्ये मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या जोडी गिलमन आणि सहकाऱ्यांनी तर कार्डाचीच परीक्षा घेतली. दुखणं, झोप, चिंता किंवा नैराश्याची तक्रार असलेल्या १८६ जणांपैकी काहींना लगेच कार्ड काढायला सांगितलं, बाकीच्यांना १२ आठवडे थांबवलं. लगेच कार्ड मिळालेल्यांची झोप सुधारली. चिंता आणि नैराश्यात म्हणावा असा फरक पडला नाही. गांजाच्या व्यसनाची लक्षणं मात्र त्यांच्यात जास्त दिसली, आणि हा धोका चिंता-नैराश्यवाल्यांना अधिक होता. एका अभ्यासाने निकाल लागत नाही, मान्य. पण ज्यांच्यासाठी दार उघडलं त्यांनाच उंबरठ्याची ठेच लागावी, हे नजरेआड कसं करायचं?

तरीही ‘मग बंद करा’ असं मी म्हणणार नाही. ज्याला दुसऱ्या औषधांनी गुण आला नाही आणि ह्याने रात्रीची झोप दिली, त्याला दारात अडवायचा अधिकार मला कुठून आला? माझा आक्षेप दाराच्या चौकटीला आहे. ‘तुम्हाला हे का हवंय?’ असं ती विचारतच नाही. तिला फक्त ‘तुम्ही कोण आहात?’ हवं असतं, आणि उत्तर म्हणून आजाराचं एकच नाव चालतं. प्रौढ माणसाला ‘मी थकलोय’ एवढं म्हणायचीही सोय नाही.

ह्या चौकटीचा सगळ्यात विचित्र कोपरा आपल्याच लोकांच्या वाट्याला आलाय. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणारा, एच-१बी व्हिसावरचा एखादा मराठी इंजिनिअर घ्या. ग्रीन कार्डाच्या रांगेत त्याची वर्षं जातायत, नोकरी गेली तर घर गुंडाळायला साधारण ६० दिवस, आईला बरं नसलं तरी परत येताना व्हिसाचा शिक्का अडेल म्हणून तिकीट काढावं की नाही हा घोळ. त्याचे २१ पैकी १६ गुण पडतात, आणि एकही वाढवून सांगितलेला नसतो. राज्याच्या लेखी तो पात्र आहे. पण १९७० च्या केंद्रीय कायद्याने गांजा पहिल्या अनुसूचीत टाकला, आणि परदेशी नागरिकांना देशात घ्यायचं की नाही हे केंद्र ठरवतं. राज्यात कायदेशीर असलेला गांजा आपण घेतो, एवढं विमानतळावरच्या अधिकाऱ्यापुढे कबूल केलं तरी प्रवेश नाकारला जाऊ शकतो. नागरिकत्वाच्या अर्जात ‘चांगलं नैतिक चारित्र्य’ सिद्ध करावं लागतं, आणि त्यातही हा वापर आड येऊ शकतो, हे तिथल्या नागरिकत्व खात्याने एप्रिल २०१९ मध्ये लेखी स्पष्ट केलं.

त्यामुळे तो फॉर्म अर्धवट सोडून ब्राउझर बंद करतो, हिस्टरी पुसतो, आणि मग ‘हिस्टरी पुसल्याचं कुणाला कळतं का’ हे शोधत रात्री दोनपर्यंत जागा राहतो.