नॉर्मलची रेघ

आईबाबांचा ब्लड रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर आला की आपण आधी ठळक छापलेला आकडा शोधतो. तो नसला की 'सगळं नॉर्मल' म्हणून मोकळे होतो. उपाशीपोटी साखर ७८ आहे की ९८, हे कुणी बघत नाही.

२०१२ मध्ये 'न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आला. ६० ते ६४ वयाची सुमारे २५० माणसं. सगळ्यांची उपाशीपोटी साखर ११० मिलिग्रॅमच्या आत, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने नॉर्मल. चार वर्षांच्या अंतराने त्यांच्या मेंदूचे दोन एमआरआय काढले. ज्यांची साखर या हद्दीतच पण वरच्या टोकाला होती, त्यांचा हिप्पोकॅम्पस जास्त आकसलेला दिसला. नव्या आठवणी घडतात त्या मेंदूच्या याच भागात.

थोडक्यात, मेंदूला ती रेघ ठाऊकच नाही. रेघ माणसांनी मारलेली आहे आणि ती सरकतेही. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने २००३ मध्ये ११० ची मर्यादा १०० वर आणली. जागतिक आरोग्य संघटनेने ११० च ठेवली. १०५ वाला माणूस एकीकडे निरोगी, दुसरीकडे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. आम्ही सर्व्हरला ८० टक्क्यांवर अलर्ट लावतो, पण म्हणून ७९ ला तो सुखात असतो असं नाही. माणसाला कधीतरी उठवायचं असतं, म्हणून एक आकडा ठरवलेला असतो.

मग उद्यापासून आईच्या चहातली साखर बंद करायची का? इतकं सोपं नाही. अभ्यासात दिसला तो संबंध. साखरेमुळेच मेंदू आकसला, हे त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय तो २५० जणांबद्दल बोलतो, आपल्या आईबद्दल नाही.

खरी अडचण इथेच आहे. रेघ पक्की असती तर निर्णय रिपोर्टनेच घेतला असता. ती पक्की नाही, म्हणून कुणीतरी तोलायला हवं: एका पारड्यात उद्याची आठवण, दुसऱ्यात आजचा गोड चहा. आणि मेंदू ज्याचा, तराजूही त्याच्याच हातात हवा. 'तुझ्या भल्यासाठीच' म्हणत आपण तो काढून घेतो, तेव्हा काळजीचा हुकूम होतो. 'नॉर्मल आहे' म्हणून आकडाच सांगत नाही, तेव्हाही निर्णय त्यांच्या हातून गेलेलाच असतो, फक्त आवाज न होता.

सगळं नीट सांगायचं, आणि मग त्या काय ठरवतात ते ऐकायचं. यातलं दुसरं जास्त अवघड आहे.