शून्य कार्य

आपल्याकडे घरात कार्य निघाले म्हणजे मांडव पडतो, आणि मंगलाष्टके संपेपर्यंत दोघेजण हात अवघडून अंतरपाट धरून उभे राहतात. पदार्थविज्ञानाच्या हिशेबी या दोघांनी कार्य काहीच केलेले नसते! तेथे बल लावले आणि बलाच्या दिशेने वस्तू सरकली, तरच कार्य झाले. वर्गात मी हमालाचे उदाहरण देतो. ५० किलोचे पोते त्याने दीड मीटर उचलून डोक्यावर घेतले, की सुमारे ७३५ जूल कार्य झाले. तेच पोते घेऊन तो सपाट रस्त्याने एकाच चालीने मैलभर गेला, तर पोत्यावरचे त्याचे कार्य शून्य. बल वरच्या दिशेचे, जाणे आडवे. मुले हसतात. हमालाचा मुलगा वर्गात असला तर तो हसत नाही.

त्याला काय सांगावे? शास्त्र खोटे बोलत नाही. पोते टेबलावर ठेवले तर टेबलही ते तोलून धरते, पण टेबलाला भूक लागत नाही. स्नायूंना मात्र नुसते ताठ राहायलाही अन्नातली ऊर्जा जाळावी लागते. तिची उष्णता होते. ऊर्जा खर्ची पडली खरी; पोत्याच्या खाती जमा झाली नाही, एवढेच.

मुळात हे माप यंत्रांसाठी. जेम्स वॉटने घोड्याची शक्ती मिनिटाला ३३,००० फूट-पौंड धरली, ती घोड्यांच्या जागी इंजिन घेणाऱ्या गिऱ्हाइकाला हिशेब कळावा म्हणून. बल आणि अंतर यांच्या गुणाकाराला फ्रेंच गणितज्ञ कोरिऑलिस याने १८२९ साली जे नाव दिले, तेही यंत्रांवरच्याच ग्रंथात. आणि नाव कोणते, तर त्या भाषेत माणसाच्या कष्टांना वापरतात ते! घोटाळा तेथून सुरू झाला असे मला वाटते.

घामाचेच माप धरावे, तर तेही पटत नाही. दिवसभर भिंत ढकलणाराही घामाघूम होतो; त्याला मजुरी कोण देईल? पण तापलेले मूल रात्रभर मांडीवर घेऊन बसलेली आई? मूल जागचे हलले नाही, आणि तिला तेच तर हवे होते. अशी कामे घरोघर चालतात, आणि "दिवसभर केलेस काय?" हा प्रश्न नेमका ती करणारीलाच विचारला जातो.

हे सारे मी वर्गात सांगतो. त्या मुलाकडे पाहून जरा अधिकच सांगतो. परीक्षेत मात्र शून्यच लिहा म्हणून बजावतो. गुण त्यालाच आहेत.