कुंभाराचं गाढव आणि बंद पडणारी गाडी

मे महिन्यातली दुपार. नागभीडहून सिंदेवाहीकडे निघालेली पंधरा-वीस वर्षं जुनी, कार्बोरेटरवाली मोटरसायकल अर्ध्या रस्त्यात बंद पडते. किक मारून पाय दुखतो, पण गाडी दाद देत नाही. सावलीत वीस मिनिटं उभी केली की पहिल्या किकला सुरू. गॅरेजात नेली, तर एकदम सरळ. मिस्त्री म्हणतो, "आता त बरोबर चालून राहिली ना, भाऊ!"

मिस्त्री खोटं बोलत नाही. गाडीवालाही बोलत नाही. दोघांनी पाहिलेली गाडी वेगवेगळ्या तापमानाची आहे, एवढंच. पण यातून दोन प्रश्न उभे राहतात. तपासणाऱ्यासमोर जो दोष येतच नाही, तो कुणाच्या शब्दावर मानायचा? आणि कारण माहीत नसताना दुसऱ्याच्या पैशावर अंदाज बांधायचा हक्क कुणाला?

या भागात हे प्रश्न पुस्तकी नाहीत. ब्रह्मपुरी वनविभागातले वाघ अभयारण्याच्या हद्दी पाळत नाहीत. ते शेताच्या बांधापर्यंत येतात. दिवेलागणीला जंगलाच्या रस्त्यावर गाडी बंद पडणं म्हणजे नुसता उशीर नव्हे.

आता संशयित बघू. पहिली इग्निशन कॉइल. आतली बारीक तार कुठे तुटत आली असेल, तर तापून प्रसरण पावल्यावर तिथला संपर्क सुटतो आणि स्पार्क जातो. गार झाली की तार पुन्हा टेकते. दुसरा व्हॉल्व्ह. त्याची फट फार कमी ठेवली असेल, तर तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन निसटतं. तिसरं खुद्द पेट्रोल. त्यातले हलके घटक ४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात, आणि इथला उन्हाळा ४५ ओलांडतो. नळीत वाफ धरली की पेट्रोल पुढे जात नाही. जुन्या पद्मिनी आणि अँबेसेडरचे ड्रायव्हर पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचे ते यासाठीच.

चौथा संशयित सगळ्यांत मजेदार: टाकीचं झाकण. त्यात हवा आत येण्यासाठी बारीक भोक असतं. ते धुळीनं बुजलं, तर पेट्रोल खाली जाताना टाकीत निर्वात तयार होतो आणि काही किलोमीटरनंतर पेट्रोल उतरणं थांबतं. तोवर इंजिनही तापलेलं असतं. आपण सावलीत थांबतो. त्या वीस मिनिटांत इंजिन गार होतं, आणि हळूहळू हवाही टाकीत शिरते. गाडी सुरू होते आणि आपण ठामपणे सांगतो, "गरम झाल्यामुळे बंद पडली."

न्यायशास्त्रात यासाठी कुंभाराच्या गाढवाचं उदाहरण आहे. माती गाढवावरून आली, मग मडकं झालं. पण म्हणून गाढव मडक्याचं कारण ठरत नाही. माती दुसऱ्या कशावरून आणली असती तरी मडकं झालंच असतं. अशा गोष्टीला 'अन्यथासिद्ध' म्हणतात: कार्याच्या आधी हजर, पण कारण नाही. झाकण बुजलेल्या गाडीत उष्णता हे ते गाढव आहे.

गाढव ओळखायचं कसं? एका वेळी एकच गोष्ट बदलून. गाडी बंद पडल्या पडल्या, इंजिन गरम असतानाच झाकण उघडा (विडी-काडी लांब ठेवून). मिनिटभरात सुरू झाली, तर उष्णता निर्दोष सुटली. नाही झाली, तर लगेच स्पार्क तपासा. पण वीस मिनिटं थांबलात, की सगळे साक्षीदार एकदम पळाले.

म्हणजे हा दोष शोधायचा, तर तपासणाऱ्याला उन्हात, रस्त्यावर, गाडी बंद पडेपर्यंत जावं लागतं. मला यातला नैतिक मुद्दा इथे दिसतो. सावलीत बसून "मला तर काही दिसत नाही" म्हणणं खरं असू शकतं, पण ते पुरेसं नसतं. दवाखान्यात पोचेपर्यंत दुखायचं थांबलेल्या बाईला, किंवा घरी लिहिता येतं पण परीक्षेत हात थिजतो अशा मुलाला आपण हेच ऐकवतो. दिसलं नाही याचा अर्थ नाही असा होत नाही. कधी कधी आपण योग्य वेळी तिथे नव्हतो, एवढाच होतो.

मग सगळा दोष मिस्त्रीचा? तो आधी कॉइल बदलतो, मग कार्बोरेटर, मग प्लग. दर वेळी बिल आपलं. अंदाज करण्यात पाप नाही. अंदाज खात्री म्हणून विकण्यात आहे. "नक्की माहीत नाही, कॉइल बदलून बघू, नसेल तर जुनी परत बसवतो" असं सांगणारा मिस्त्री अज्ञानी असेल, पण अप्रामाणिक नाही.

आता आपली बाजू. दोन तास उन्हात फिरून मिस्त्रीनं सुईनं झाकणाचं भोक मोकळं केलं, तर आपण किती देतो? "एवढ्याशा कामाचे कसले पैसे?" पण हजाराचा पार्ट बदलला, तर निमूट देतो. शोधण्याची किंमत शून्य आणि बदलण्याची हजार असेल, तर बदलणारेच मिस्त्री तयार होणार. २०२० च्या बीएस-सहा नियमांनंतरच्या गाड्यांत दोष दाखवणारा दिवा असतो, स्कॅनरवर कोडही येतो. पण कोड लक्षण सांगतो. त्यामागचं कारण अजून माणसालाच शोधावं लागतं.

त्या शोधाचे पैसे द्यायची तयारी नसेल, तर प्रामाणिक निदान मागण्याचा आपला हक्कही अर्धाच उरतो.