फोन घरात आहे, पण कुणाच्या हातात?

‘ग्रुपवर टाकलंय’, एवढं म्हटलं की हल्ली गृहपाठ दिला असं होतं. संध्याकाळी शिक्षक व्हॉट्सअ‍ॅपवर पानाचा फोटो टाकतात, दहा-बारा पालक अंगठा दाखवतात आणि सगळ्यांना पोचलं असं धरलं जातं. पण ज्या घरात एकच फोन आहे आणि तो दिवसभर बापाबरोबर बांधकामावर असतो, तिथे हा गृहपाठ रात्री साडेआठला पोचतो. तोवर बॅटरी संपत आलेली, दादाला मॅच बघायची असते आणि मुलीने वही उघडली की आतून भाकऱ्यांसाठी हाक येते. दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहावं लागतं ते तिलाच.

‘असर’ या शालेय शिक्षणाच्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात शाळेत जाणाऱ्या ज्या मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे, त्यांचं प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होतं. २०२१ मध्ये ते ६७.६ टक्के झालं. आकडा सुखावणारा आहे. मात्र त्याच पाहणीत, घरी फोन असलेल्या मुलांपैकी २६ टक्क्यांना अभ्यासासाठी तो मिळतच नव्हता. २०२४ ची पाहणी तर घरातली वाटणीच उघड करते. चौदा ते सोळा वयाच्या, फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ३६.२ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी २६.९ टक्क्यांकडे.

तंत्रज्ञानावर राग धरण्याचं कारण नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले आणि २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळवला. कोड स्कॅन केला तर कविता ऐकू येते, नाही केला तरी ती पानावर छापलेली असतेच. फोन नसलेल्या मुलाचं त्यात काही हिरावलं जात नाही. ग्रुपवरच्या गृहपाठाचं तसं नाही. तिथे फोन नाही तर अभ्यासही नाही.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. सहा ते चौदा वयाच्या मुलाकडून, त्याचं प्राथमिक शिक्षण अडेल असं कोणतंही शुल्क घेऊ नये, असं त्याचं तिसरं कलम सांगतं. मग दर महिन्याचं रिचार्ज हे काय आहे? पावती मिळत नाही एवढंच; माझ्या मते ते शुल्कच आहे. शाळेने द्यायची गोष्ट आपण गुपचूप घरावर ढकलली आणि घरं सारखी नसतात हे सोयीस्करपणे विसरलो.

गुरुजी, बाई, ग्रुप खुशाल चालवा. सहलीची सूचना टाका, स्नेहसंमेलनाचे फोटो टाका. फक्त गृहपाठ तेवढा शाळा सुटण्याआधी फळ्यावर लिहा आणि सगळ्यांनी तो वहीत उतरवून घेतला का, ते बघा.