जाब विचारणारा किती लांब?

नोव्हेंबर २०१७मध्ये सांगली शहर पोलिसांनी लुटमारीच्या गुन्ह्यात पकडलेला एक तरुण कोठडीत दगावला. तो पळून गेला, असे आधी सांगण्यात आले. मृतदेह आंबोलीला नेऊन जाळल्याचे पुढे तपासात उघड झाले. पोलीस बडतर्फ झाले, तपास सीआयडीकडे गेला. जिल्हा हादरला तो क्रौर्याने. माझ्या मनात मात्र दुसराच प्रश्न घोळत राहिला. पोलिसाने सांगितलेली गोष्ट खरी की खोटी, हे पोलिसाशिवाय तपासणार कोण?

रोजच्या व्यवहारात हा प्रश्न एवढा भीषण नसतो, नुसता कंटाळवाणा असतो. ठाण्याविरुद्ध अर्ज घेऊन जा. साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या. उद्या अर्ज घेतला जातो, पण पोच मागितली की अंमलदाराच्या कपाळाला आठी पडते. वरिष्ठांकडे दाद मागावी, तर 'चौकशी करून अहवाल सादर करावा' असा शेरा घेऊन तोच अर्ज त्याच ठाण्यात परत येतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच टेबलावर.

हे चक्र तोडण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात सप्टेंबर २००६मध्ये आदेश दिला : राज्यात आणि प्रत्येक जिल्ह्यात पोलीस तक्रार प्राधिकरण नेमा, आणि त्याच्या शिफारशी बंधनकारक माना. महाराष्ट्राने २०१४मध्ये कायदा दुरुस्त केला, पण जिल्ह्याऐवजी महसुली विभागाची पातळी निवडली. म्हणजे सातारा-सांगलीच्या माणसाने गाठायचे पुणे. आटपाडीच्या शेतमजुराची एक रोजंदारी बुडणार आणि वर एसटीचे भाडे. कायदा झाला, पण त्याच्यापर्यंत पोचण्याची वाट लांबच राहिली.

याच मुलखाने कधीकाळी उलटी वाट धरली होती. जानेवारी १९३९मध्ये औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपले अधिकार प्रजेकडे सोपवणारी राज्यघटना जाहीर केली. गांधीजींचा सल्ला, युवराज आप्पासाहेब पंत आणि त्यांचे सहकारी मॉरिस फ्रीडमन यांचा ध्यास त्यामागे होता. ७२ गावांच्या त्या संस्थानात सत्तेची पहिली पायरी म्हणजे गावाने निवडलेली पंचायत, आणि न्यायनिवाड्याचे कामही तिच्याकडे आले. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपुरात तर कैद्यांना भिंतीबाहेर काढून शेतीवर वसवले गेले. ही वसाहत आजही आहे. 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटामागची प्रेरणा हीच. पहारा कमी करून जबाबदारी वाढवता येते, हा तिथला धडा. तो कैद्याइतकाच गणवेशालाही लागू आहे : माणूस नीट वागतो तो ज्यांच्यात वावरतो त्यांना उत्तर द्यावे लागते तेव्हा.

पण नुसती जवळीक पुरेशी नाही. औंध संस्थानातलेच कुंडल पुढे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे केंद्र बनले. त्याच्या लोकन्यायालयांनी गावोगाव तंटे मिटवले, गुंड आणि खबऱ्यांना तळपायावर फटकेही दिले. ब्रिटिश ठाण्यात न मिळणारा न्याय दारात मिळाला, म्हणून लोकांनी तो उचलून धरला. तरी फटका चुकीच्या माणसाला बसला, तर त्याने अपील कुठे करायचे? जवळच्या पंचालाही गट असतो, भावकी असते. म्हणून जाब विचारणारा हाकेच्या अंतरावर हवा, पण गावच्या आणि ठाण्याच्या दावणीला बांधलेला नको.

याचा मार्ग अवघड नाही. निवृत्त न्यायाधीशाच्या प्राधिकरणाने ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या गावी बसावे, तिथेच अर्ज घेऊन पोच द्यावी, आणि त्याची शिफारस शासनाला गुंडाळून ठेवता येऊ नये. खोट्या तक्रारीत अडकलेल्या प्रामाणिक हवालदारालाही त्यातूनच निर्दोषपणाचा कागद मिळेल. वरिष्ठांच्या मर्जीपेक्षा तो अधिक टिकाऊ असतो. औंधच्या राजाने सत्ता सोडली ती कोणत्याही न्यायालयाचा आदेश नसताना. आजच्या शासनाकडे तो २००६पासून पडून आहे.